एका घराच्या ओटीवर

फेब्रुवारी लागला की आमच्या नाहूरच्या बाल्कनीतून मिठाचे पहिले ढीग दिसायला लागतात आणि माझ्या पोटात दुखायला लागतं. हे डॉक्टरला दाखवायचं दुखणं नव्हे. हा हेवा आहे. पन्नासाव्या वर्षी बाईमाणसाने गुडघे, रक्तदाब असलं काहीतरी शहाण्यासारखं दुखणं धरावं, असं माझी मुलगी म्हणते. तिला काय सांगणार? गुडघे अलीकडचे आहेत. हे दुखणं मला चौथीत लागलं.

आता ढीग लांब, हायवेपलीकडे, आणि तेही मोजकेच. आमच्या वेळी मधल्या इमारती नव्हत्या, त्यामुळे शाळेच्या खिडकीत बसलं की समोर थेट मिठागरं. थंडी सरता सरता पाणी आटायचं आणि एखाद्या सकाळी प्रार्थनेला उभं राहिलं की काल सपाट होतं तिथे पांढऱ्या टेंगळांची रांग दिसायची. दुपारी वारा फिरला की त्याला मिठाचा आणि वाळत घातलेल्या जवळ्याचा असा जोडीने वास यायचा. ओठ चाटले तर खारट. खिडक्यांचे गज गंजलेले, त्याचा तांबडा रंग युनिफॉर्मच्या बाह्यांना लागायचा आणि घरी त्यावरून बोलणी बसायची. बाई म्हणायच्या, "खिडकी लावा गं कोणीतरी." कोणी लावत नसे, कारण खिडकीला कडीच नव्हती.

ती पालिकेची शाळा. चार वर्गांना चार खोल्या आणि पुढे लांब व्हरांडा. मी तिथे तिसरीच्या मध्यावर आले. बाबांची लालबागची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. भाड्याची खोली सोडून आम्ही मुलुंडला काकांच्या चाळीत आलो, पुढच्या खोलीत ते आणि मोरीच्या बाजूला आम्ही. जुन्या शाळेतून दाखला यायला उशीर झाला, म्हणून हजेरीपटावर माझं नाव सर्वांत शेवटी, वेगळ्या शाईत लिहिलेलं. बाई नावं घ्यायला लागल्या की मला ती शाई ऐकू यायची. आई म्हणायची, "गप ऱ्हव. आपण हय नये आसंव. चार दिवस नये माणसान गप ऱ्हवचां." चार दिवसांचं वर्ष उलटून गेलं तरी मी गपच होते.

आणि माझ्या शेजारी बसायची पद्मा.

पद्मा कोळ्याची. शाळेच्या मागची कोळ्यांची वस्ती म्हणजे तिचंच घर म्हटलं तरी चालेल, इतकी तिची माणसं तिथे. शिपाईमामा तिच्या वडिलांचे मित्र. शाळेत पिण्याचं पाणी संपलं की बादल्या तिच्या दारच्या विहिरीवर भरायच्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्यांच्या खोलीच्या दारात आम्ही "आत येऊ का?" म्हणून पाय घासत उभ्या राहायचो, तेव्हा ही थेट आत शिरून टेबलावरचा खडू घेऊन यायची. तिच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. माझ्या डब्यात सकाळचाच भात, आणि मी झाकण अर्धंच उघडायचे. प्रतिज्ञेनंतर आम्ही सगळेच "आमची शाळा" म्हणून घोषणा द्यायचो. तिच्या तोंडी ते खरं वाटायचं. ते ऐकून मी इतकी जळायचे की माझा आवाज खाली जायचा.

वाईट म्हणजे ती चांगली होती. मला नावं ठेवली असती, मालवणी बोलण्यावरून चिडवलं असतं, तर तिला पाण्यात पाहणं मला सोपं गेलं असतं. ती आपली भाकरीचा तुकडा मोडून माझ्या झाकणात ठेवायची आणि पुढे बोलायला लागायची. मी तो खायचे. खाऊन परत जळायचे.

चौथीच्या त्या मिठाच्या दिवसांत मोठ्या बाईंनी वर्गात येऊन सांगितलं की शाळेला पन्नास वर्षं होताहेत. स्नेहसंमेलनात शाळेचा इतिहास वाचायचा आणि मग तो फलकावर रंगवून व्हरांड्यात कायमचा लावायचा. "इतिहास तुम्हीच लिहायचा. घरोघरी जा, म्हाताऱ्या माणसांना विचारा. ज्याचं उत्तम होईल ते वाचायचं."

वर्गाने पद्माकडे पाहिलं. तिच्याकडे सगळं होतं. मग बाई म्हणाल्या, "अक्षर मात्र विजयाचं छान. दोघी मिळून करा."

माझ्याकडे तेवढंच होतं, अक्षर.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती मला घरी घेऊन गेली. दारात पोचण्याआधीच चार बायकांनी विचारलं, "ही कोनाची गो?" आणि चारही वेळा ती म्हणाली, "माझी मैत्रीण हाय." घराला पुढे रुंद, शेणाने सारवलेली ओटी. कोपऱ्यात जाळ्यांचा ढिगारा आणि त्याला टेकून तिची आजी बसलेली, हातात जाळं विणायची सुई. लुगड्याचा काष्टा, कानात जड सोनं, अंगाला सुक्या बोंबलांचा वास. तिने मला जवळ बसवलं, माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "ही जेवत नाय वाटते."

मी वही उघडली. आजी जाळं विणता विणताच सांगायला लागली.

"तवा बोर्डाची शाला. मास्तर आला, पन जागा कंय? झाडाखाली बसवायचा पोरांना. मी नवी नवरी. मी बोलली, मास्तर, आमचे ओटीवर बसव. सासू बोलली, नी जाली कंय ठेवायची? मी बोलली, जाली भायेर. सासू चार दिस माझ्याशी बोलली नाय."

पद्मा हसत होती, तिने हे शंभरदा ऐकलेलं. मी लिहीत होते.

"मग एक दिस साहेब आला तपासायला. पोरां कमी असली तर शाला बंद. नी त्याच दिशी सगली पोरां जवला सुकवायला गेलेली. मास्तर रडायला आला. मी काय केला, पाटी घेतली नी बसली रांगेत. शेजारनीला बोलली, तू पन बस. साहेब इचारतो, ही बाय कोन? मास्तर बोलला, साहेब, ही पन शिकते. साहेबानं माझा नाव लिवला. बुकात हाय माझा नाव, शालेच्या पयल्या बुकात. मना अजून वाचता येत नाय, पन मी शालेत व्हती."

ती हसली तेव्हा तिची सुई थांबली. मी तिचं नाव विचारलं, तिने सांगितलं, मी माझ्या कच्च्या वहीत ते सुवाच्य लिहिलं आणि खाली रेघ मारली. निघताना तिने माझ्या दप्तरात कागदात बांधलेला जवळा कोंबला.

परत येताना वाटेत मला रडू यायला लागलं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं, आता येतं. आम्हाला काकांच्या घरात उंबऱ्याच्या आत चपला ठेवायलासुद्धा जागा मागावी लागत होती आणि ह्यांनी आख्खी शाळाच ओटीवर ठेवून घेतली होती. मला वाटलं, काही लोकांना सगळंच कसं मिळतं? घर मिळतं, ओटी मिळते, विहीर मिळते, आजी मिळते आणि वर गोष्टही मिळते. माझी आजी गावाला वारली तेव्हा आम्हाला तार पोचायलाच तीन दिवस लागले.

घरी आईने जवळा पाहिला. "कोणी दिल्यान?"

"पद्माच्या आजीने."

"चांगली माणसां दिसतत."

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्या वर्षी ते बराच वेळ असेच असायचे. आई मिरच्या कांडायला जायची, तिच्या हातांची आग रात्रीपर्यंत जात नसे. त्याच हातांनी तिने जवळा परतला, आणि तो इतका चविष्ट झाला की मला आणखीनच राग आला.

रविवारी मी पक्की प्रत करायला बसले. कच्च्या वहीतलं एकेक वाक्य शाई भरून उतरवायला लागले आणि त्या नावाशी येऊन थांबले. हे नाव फलकावर जाणार. रोज शाळेत शिरताना मी ते वाचणार. पद्मा वाचणार नाही, तिला गरजच नाही. वाचावं लागणार मला.

काकांकडे वर्तमानपत्र यायचं. उद्‌घाटनं, सत्कार, पाणीपुरवठा ह्यांच्या बातम्या कशा लिहितात ते मला पाठ होतं. मी लिहिलं, "प्रारंभी गावातील एका घराच्या ओटीवर लोकांच्या सहकार्याने शाळा भरत असे. पुढे विद्यार्थिसंख्या वाढल्याने स्वतंत्र इमारतीची आवश्यकता भासू लागली." बस. आजी गेली, सासू गेली, साहेब आणि पाटी गेली. मी खोटं काही लिहिलं नव्हतं. ओटी होती, घर होतं, लोकही होते. दहा वर्षांच्या मुलीला एवढी साळसूद लबाडी कोणी शिकवली, असं मनात येतं. कोणी शिकवावी लागत नाही. पोटात पुरेसं दुखलं की ती आपोआप येते.

मोठ्या बाईंनी ते वाचलं आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "अगदी छापल्यासारखं लिहिलंयस गं." पद्माने मान लांब करून पक्की प्रत पाहिली. मी तिच्याकडे बघितलं नाही. ती बाईंना म्हणाली, "हो, छान झालंय." चित्रकलेच्या सरांनी आठवड्याभरात ते निळ्या फलकावर पांढऱ्या अक्षरांत रंगवलं.

स्नेहसंमेलनात कोळी नाच असणारच होता. बाकी मुलींना भाड्याने आणलेली, कंबरेत न बसणारी लुगडी. पद्माचं तिच्या घरचं, आजीने नेसवलेलं, केसांत अबोलीची वेणी. पहिल्या रांगेत तिची आजी, ठेवणीतलं लुगडं नेसून, सोनं घालून, मांडीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. तिला कोणीतरी सांगितलं होतं की आज माइकवर शाळेची गोष्ट वाचणार आहेत.

मी वाचली. न अडखळता, स्वल्पविरामाला थांबत. "एका घराच्या ओटीवर" हे शब्द आले तेव्हा म्हातारी पुढे झुकली. मी पुढे गेले. ती झुकलेलीच राहिली. मी आवश्यकतेवर गेले, इमारतीवर गेले, मान्यवरांच्या आभारांवर गेले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनेही वाजवल्या. स्टेजच्या पायऱ्या उतरताना मला तिचा आवाज ऐकू आला.

"पद्मे, आपला नाव कवा घेतला?"

आणि पद्माचा. "घेतला ना गो. पयलाच घेतला. टाल्या वाजत व्हत्या, तुला आयकू नाय आला."

मी पडद्यामागे जाऊन उभी राहिले. मला बक्षीस मिळालं, एक कंपासपेटी. त्या उन्हाळ्यात बाबांना भांडुपच्या एका कारखान्यात काम लागलं, आम्ही तिकडे खोली घेतली, आणि पाचवीपासून मी दुसऱ्या शाळेत गेले. पद्मा मला काहीही बोलली नाही. शेवटच्या दिवशीसुद्धा तिने मला अर्धी कैरी दिली.

माणसाला वाटतं, लहानपणीच्या गोष्टी लहानपणीच राहतात. मी पुढे शिकले, नोकरी केली, चार पुस्तकं लिहिली, आणि "अक्षर छान" म्हणण्याऐवजी लोक "शैली छान" म्हणायला लागले. दरवर्षी फेब्रुवारीत पांढरे ढीग दिसले की मी बाल्कनीचं दार लावून घ्यायचे. कडी असलेलं दार.

यंदा त्या शाळेतून एका तरुण शिक्षिकेचा फोन आला. शाळा नव्वदीची होते आहे. पट घटत चाललाय, पण इमारत नवी होणार. "मॅडम, इतिहासाचा मजकूर तुमचाच ना? आपल्याकडे प्रथाच आहे, वर्धापनदिनी चौथीतलं मूल तो फलक मोठ्याने वाचतं. मीही तुमची वाक्यं मुलांकडून पाठ करून घेते. आता फलक ग्रॅनाइटचा करतोय. कोरल्यावर बदल होत नाही, म्हणून म्हटलं, काही दुरुस्ती असली तर सोमवारपर्यंत सांगा."

चाळीस वर्षं. चाळीस वर्षं दर फेब्रुवारीत एक मूल उभं राहून माझा मत्सर शुद्ध उच्चारांत वाचत होतं. मी तिला विचारलं, "शाळेचं पहिलं रजिस्टर असेल का हो?" ती म्हणाली, "जुने कागद मागच्या दुरुस्तीच्या वेळी वाळवीने गेले, मॅडम."

फोन ठेवला आणि लिहायला बसले. नवा परिच्छेद सहज जमला, ओटी, सासू, साहेब, पाटी, सगळं. फक्त एका ठिकाणी पेन थांबलं. मला तिचं नाव आठवेना. कच्ची वही केव्हाच रद्दीत गेली होती. मी डोकं धरून बसले, सुई आठवली, कानातलं आठवलं, माझ्या हनुवटीला लागलेलं तिचं बोट आठवलं. नाव नाही. मी ते इतकं नीट काढलं होतं की माझ्यातूनही गेलं होतं. आता ते एकाच माणसाकडे होतं आणि विचारायचं म्हणजे केलेलं सांगायचं.

पद्मा मुलुंडच्या मासळी बाजारात बसते हे मला ठाऊक होतं. वीस वर्षं मी मासे दुसऱ्या बाजारातून आणत होते, त्याचं कारण आता लिहायची गरज नाही. शनिवारी गेले. ती अंगाने भरली होती, कानात तेच जड सोनं. मला पाहून कोयता खाली ठेवला.

"विजू ना गं तू? किती सुकलीस. बस. बोंबील घेतेस? सकाळचे आहेत."

पालथ्या टोपलीवर बसले. शाळेचा फोन, ग्रॅनाइट, सोमवार, सगळं सांगितलं. मग म्हटलं, "पद्मा, तुझ्या आजीचं नाव मी तेव्हा मुद्दाम गाळलं."

"माहीत आहे."

"तुला माहीत होतं?"

"तुझी कच्ची वही मी बघितलेली ना. रेघ मारलेलीस नावाखाली. पक्क्यात नाय दिसलं." ती बोंबलांवर पाणी मारत होती. "बोलले असते मोठ्या बाईंना. पण तुझे बाबा घरी बसलेले. तुझ्या आईचे हात बघितलेले मी. म्हटलं, राहू दे, एक बक्षीस तर मिळेल हिला."

दहा वर्षांच्या मुलीने माझी कीव केली होती आणि मी तिचा हेवा करत होते.

"आजीला कळलं का कधी?"

"ते कसं कळेल? तिला वाचता येत नव्हतं." पद्मा हसली. "पण वांधा झाला ना दुसऱ्या वर्षी. ती म्हणाली, ह्या वेळी मी कान देऊन ऐकणार. मग काय, वाचणारा पोरगा आमच्या गल्लीतलाच होता. त्याला म्हटलं, ओटी आली ना, की तिथे आजीचं नाव घे, बोर्डावर नसलं तरी घे. त्याने घेतलं. पुढच्या वर्षी त्याने दुसरीला शिकवलं. असं चाललं. नंतर नंतर तर आमच्या वस्तीबाहेरची पोरं पण बोर्डावर असल्यासारखं घ्यायची. मोठ्या बाई ऐकायच्या, काय बोलायच्या नाहीत. आजी रस्त्याने जाणाऱ्यांना थांबवून बोर्ड दाखवायची, हे बघा, हितं माझा नाव हाय. लोक वाचायचे आणि म्हणायचे, हो आजी, आहे."

"सगळे?"

"सगळे. वाचता येणारे सगळे. बारा वर्षं जगली ती त्यानंतर."

"मग आता मुलं ते नाव का घेत नाहीत?"

"ती गेली ना," पद्मा म्हणाली, मी काहीतरी अडाण्यासारखं विचारलं असावं अशा नजरेने. "आता कोणाला ऐकवायचं?"

मी पर्समधून कागद काढला. नाव विचारलं. तिने सांगितलं आणि मी लिहून घेतलं. पोशीबाय. ते लिहिताना माझे डोळे भरले, पण खोटं कशाला बोलू, पश्चात्तापाने नव्हे. मी चार पुस्तकं लिहिली आहेत, त्यांच्यावर माझं नाव छापलेलं आहे, आणि ते नाव कुठे नसतं तर माझ्यासाठी खोटं वाचणारं एकही माणूस ह्या जगात नाही. त्या बाजारात, पालथ्या टोपलीवर बसून, मला त्या मेलेल्या म्हातारीचा चौथीत वाटला होता त्याहून जास्त हेवा वाटला.